कुसळवाडीच्या गाभ्याला नंदी जोडला

कुसळवाडी हे गाव तयार मिळत नाही. ते दर वर्षी मुळापासून बांधून, चावडीतल्या कॉम्प्युटरवर चढवून चालू करावं लागतं. आजूबाजूची गावं तयार आहेत. वडजाई तयार आहे, भाटकोंड तयार आहे. ती कुणीतरी एकदा बसवली आणि चालली. तिथं गावाला कुणी काही विचारत नाही आणि गावही कुणाला काही विचारत नाही, म्हणून तर त्यांची ती अवस्था. कुसळवाडीकरांना तयार माल पटत नाही. मसाला घरचा, शेवया घरच्या, आणि गावही घरचं, असा त्यांचा ताठा.

गावाच्या पोटात गाभा असतो. तालुक्याची शिकलेली पोरं त्याला कर्नेल म्हणतात, पण तसं म्हटल्यानं त्यांना नोकरी लागल्याचं ऐकिवात नाही. गाभा नीट बसला की त्याच्यावर बाकीचं गाव आपोआप उभं राहतं. रस्ते येतात, कोंबड्या येतात, भाऊबंदकी येते. गाभा बिघडला तर गाव उठतच नाही, आणि अख्खी वस्ती माळावर बोचकी उशाला घेऊन एकमेकांची उणीदुणी काढत बसते.

गाभा बांधायच्या आधी कॉम्प्युटर प्रश्न विचारतो. एकामागून एक, दम न घेता, सोयरीक करायला आलेल्या आत्याबाईसारखा. ओढा हवा का? ओढ्याला पाणी हवं का? पाण्यात बेडूक? बेडकांना आवाज? प्रत्येक प्रश्नाला तीनच उत्तरं चालतात: हो, नाही, आणि लागेल तेव्हा. 'हो' म्हटलं की ती वस्तू गाभ्यात घट्ट बसते, मग उपटून निघत नाही. 'नाही' म्हटलं की ती गावात नसते, मग कितीही अर्ज करा. 'लागेल तेव्हा' म्हटलं की ती बाहेर तयार ठेवतात आणि गरज पडली की आत घेतात. डॉक्टर, तलाठी आणि वायरमन हे कुसळवाडीत पिढ्यान्‌पिढ्या 'लागेल तेव्हा'मध्ये मोडतात, आणि तिघांचीही त्याबद्दल तक्रार नाही.

ही उत्तरं द्यायचा मान गाभारे घराण्याकडं. केरबा गाभाऱ्याच्या बापानं एका वर्षी कंटाळून 'चुलते' या प्रश्नाला 'नाही' म्हटलं होतं. ते वर्ष गावात एकही चुलता नव्हता. जमिनीचे सगळे खटले मिटले, बांध सरळ झाले, आणि तालुक्याचे वकील उपाशी मरायला लागले. पुढच्या वर्षी वकिलांनीच हातापाया पडून सगळे चुलते परत आणवले. तेव्हापासून केरबा प्रत्येक प्रश्नावर थांबून, डोकं खाजवून, आतबाहेर येरझाऱ्या घालून मगच बटण दाबायचा. होळीला बसला की पाडव्याला उठायचा.

आता एखादा शहाणा विचारील, मागल्या वर्षीचीच उत्तरं पुन्हा का वापरत नाहीत? वापरता येतात. कॉम्प्युटर ती जपून ठेवतो. पण पाडव्याच्या आधी ग्रामसभा भरते आणि तिथं दर वर्षी एकमुखानं ठरतं की मागल्या वर्षीचं गाव भिकार होतं. कुसळवाडीत एकमत होतं ते एवढ्या एकाच विषयावर, त्यामुळे ते मोडायला कुणी धजत नाही.

यंदा केरबाची पंचाईत झाली, कारण यंदा त्याच्या पोरीचं लग्न निघालं.

पोरगी सुगंधा. तालुक्याच्या एका पतपेढीत नोकरीला. तिनं आजवर बरीच स्थळं परत धाडली होती. एकाचे हसताना खांदे उडतात म्हणून, दुसऱ्याला हसताच येत नाही म्हणून, तिसरा पोहे खाताना शेंगदाणे बाजूला काढतो म्हणून. शेवटी वडजाईच्या निकमांचा प्रमोद आला. दूध डेअरीत होता, शेंगदाणे खात होता. त्याला ती 'नको' म्हणाली नाही. 'हवा' म्हणाली का, ते कुणी विचारलं नाही. घरात एवढी माणसं असताना तो प्रश्न कुणाला सुचलाच नाही. केरबानं घाईनं सुपारी फोडून टाकली.

नवऱ्या मुलाचा बाप दत्ताजीराव निकम हा माणूस जन्मभर कारखान्याच्या वजनकाट्यावर बसलेला. समोर माणूस आला तरी तो त्याला गाडीसकट आणि गाडीशिवाय असा दोनदा बघायचा. त्यानं मुहूर्त सांगितला तो नेमका गाव उठायच्या दुसऱ्या दिवशीचा, भर दुपारचा.

"इवाई, एक ध्यानात ठेवा," दत्ताजीराव म्हणाला. "तुमचं गाव चालू असलं पायजे. मांडव घालायला गाव न्हाई म्हणून माळावर लगीन लावाल, तर आमी काय सर्कस हाय का? मुहूर्त टळला, की वऱ्हाड येशीवरनं माघारी."

"चालू असंल की," केरबा म्हणाला, आणि त्या दिवसापासून त्याची तारांबळ उडाली.

कारण पत्रिका वाटायच्या होत्या, आचारी बघायचा होता, रुसलेले पाहुणे शोधून काढून त्यांना पुन्हा रुसायची संधी द्यायची होती. या सगळ्यात कॉम्प्युटरसमोर बसणार कोण? पाडवा तोंडावर आला तेव्हा केरबाची बायको हौसाबाई चावडीत आली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"अवं, प्रश्न कुठवर आलं?"

"बेडकापातूर."

"आन् पोरीचं लगीन कुठवर आलं?"

केरबा पडद्याकडं वळला.

"दारात आलंय दारात! त्या बेडकाला हो म्हना आन् उठा!"

"आगं, असं हो म्हणून चालत न्हाई. इचार करावा लागतो."

"सुपारी फोडताना कुठं गेलता तुमचा इचार? का तवा बेडूक चावला हुता?"

हा संवाद इथवर आला तेव्हा चावडीसमोर गुबुगुबू गुबुगुबू असं वाजलं. मल्लू फुलमाळी आपला नंदीबैल घेऊन आला होता. नंदीचं नाव शंभू. पाठीवर कवड्यांची झूल, शिंगांना गोंडे, आणि चेहऱ्यावर अशी शांतता की तशी एखाद्या निवडून आलेल्या माणसाच्या चेहऱ्यावरच बघायला मिळते.

"ह्या घराचं भलं हुईल का?" मल्लूनं विचारलं आणि ढोलक्यावर काठी घासली. शंभूनं मान वरखाली हलवली.

"लेकीचं लगीन धडाक्यात लागंल का?" शंभूनं पुन्हा मान हलवली.

केरबा त्या मानेकडं बघतच राहिला. हौसाबाई केरबाकडं बघत राहिली. नवऱ्याच्या डोक्यात काही शिरलं की त्याचा डावा कान हलतो हे तिला लग्नापासून माहीत होतं, आणि तो कान आता हलत होता.

"मल्लू," केरबा म्हणाला, "ह्यो सगळ्यालाच हो म्हणतो?"

"न्हाई बी म्हणतो की तात्या. पर न्हाई म्हणवायचं तर मला प्रश्न नीट समजाया लागतो, मग तसा ढोल वाजवाया लागतो."

"मग न्हाई ऱ्हाऊ दे," केरबा म्हणाला. "हो म्हणायला वाचावं लागत न्हाई."

पण गावाचा गाभा बैलाच्या मानेवर टाकायचा तर ग्रामसभेची मंजुरी पाहिजे. सभा तातडीनं भरली. सरपंच जालिंदर माने चष्मा पुसत म्हणाला, "प्रश्न असा आहे की उत्तर द्यायचा बैलाला अधिकार पोचतो का?"

विरोधी गटाचा संपत माने हा सरपंचाचा चुलतभाऊ, म्हणजे केरबाच्या बापाच्या काळात वकिलांनी परत आणवलेल्यांपैकी एका चुलत्याचा मुलगा. तो उठून म्हणाला, "ह्या सभेत आजवर मान डोलवणाऱ्यांनाच अधिकार पोचलाय. बैलानं काय घोडं मारलंय?"

यावर सगळ्यांनी माना डोलावल्या आणि ठराव मंजूर झाला.

जोडणी साधी होती. शंभूच्या शिंगाला सुतळी, सुतळीला वेताची काठी, काठीचं टोक 'हो'च्या बटणावर. पडद्यावर प्रश्न उमटला की मल्लूनं ढोलकं वाजवायचं, शंभूनं मान हलवायची, काठी खाली, हो, पुढचा प्रश्न. थोड्या वेळानं ढोलक्याचीही गरज उरली नाही. पडद्यावर उजेड हलला की शंभूची मान हलायची. मल्लू भिंतीला टेकून घोरायला लागला. केरबानं समोर कडब्याची पेंढी टाकली आणि शालू आणायला तालुक्याला निघून गेला. हौसाबाई गावभर सांगत सुटली, की आमच्या घरात पहिल्यांदाच एखादं काम वेळेवर होतंय, आणि ते करणारा बैल आहे.

केरबा शालू घेऊन परतला तेव्हा प्रश्न संपले होते. शंभू कडबा संपवून रिकाम्या पडद्यासमोर मान हलवत उभा होता.

रीतीप्रमाणे गाव बंद केलं. माणसं माळावर गेली. चावडीतला कॉम्प्युटर गाभा बांधायला बसला. दर वर्षी तो गिरणीसारखा घरघरतो. यंदा तो गुऱ्हाळासारखा धापा टाकायला लागला. त्याच्या पंख्याचा वारा माळापर्यंत येत होता आणि त्या वाऱ्याला मासळीचा वास होता.

"कुणाच्या जेवणात काय हाय?" हौसाबाईनं विचारलं. सगळ्यांनी आपापले डबे उघडून दाखवले. सगळीकडं पिठलं.

मग चावडीवरचा कर्णा खरखरला. गाव उठायला लागलं की कर्णा एकेका वस्तूचं नाव पुकारतो, आणि ती बसली की 'ठीक' म्हणतो.

"ओढा... ठीक. पाणी... ठीक. बेडूक... ठीक. बेडकांचा आवाज... ठीक."

"बघ," केरबा बायकोला म्हणाला.

"चावडी... ठीक. शाळा... ठीक. समुद्र... ठीक."

माळावर पिठल्याचे घास हातातच राहिले.

"काय म्हणाला?" जालिंदर मान्यानं विचारलं.

"दीपगृह... ठीक. उंट... ठीक. बर्फ... ठीक. सरपंच... ठीक. सरपंच... ठीक."

"दोनदा म्हणाला," संपत माने हळूच म्हणाला, आणि त्यानं केसावरून हात फिरवला.

"वेशीवर तपासणी नाका... ठीक. वधूची संमती, सक्तीची... ठीक. जुना गाभा पुसणे... ठीक. येथून पुढे दर वर्षी हीच उत्तरे धरणे, पुन्हा न विचारणे... ठीक. कुसळवाडी चालू आहे."

केरबानं मल्लूचा दंड धरला. "मल्लू! समुद्राला हो म्हटलं?"

"मी कुठं? शंभूनं म्हटलं. तात्या, तुमीच म्हणला की, वाचावं लागत न्हाई."

"आन् जुना गाभा? त्यो तर बिघडलं तर माघारी जायाला ठेवलेला असतो!"

"शंभूला माघारी जायाचं ठावं न्हाई," मल्लू म्हणाला. "त्याला जू न्हाई, पर सवय तीच."

माळ उतरून लोक गावात गेले. समुद्र शाळेच्या मागं होता. फार मोठा नव्हता, पण खारा होता. बायकांनी चाखून खात्री केली. त्याच्या काठावर दीपगृह होतं आणि दीपगृहाखाली उंट बसले होते. बर्फ एकट्या मान्यांच्या आळीत पडत होता, त्यामुळे बाकी आळ्यांत सरपंचाच्या पक्षपाताबद्दल लगेच कुजबुज सुरू झाली. सरपंच तर दोन झाले होते. जालिंदर आणि संपत एकाच खुर्चीवर अर्धे अर्धे बसले आणि एकाच वेळी बोलायला लागले. दोघंही तेच बोलत होते, हे आतापर्यंत लोकांच्या लक्षातच आलं नव्हतं.

"आगं, आता काय करायचं?" केरबा पायरीवर मटकन बसला. "लोक काय म्हणतील?"

"समुद्र हाय तर हाय," हौसाबाई म्हणाली. "वऱ्हाडाची बैठक वाळूत घालायची का उंटापाशी, तेवढं सांगा. आन् आचाऱ्याला म्हनावं, आमटीत मीठ घालायच्या आधी पाणी चाखून बघ."

दुसऱ्या दिवशी वऱ्हाड निघालं. वडजाईहून ट्रॅक्टर, जीपा, पुढं बँड, बँडच्या पुढं नाचणारी पोरं. वेशीवर मात्र आडवं फाटक होतं. फाटकापाशी पांढऱ्या कपड्यातला, टोपी घातलेला एक माणूस खुर्चीवर बसला होता. छातीवर नाव होतं आगाशे. तो कुठला, कुणाचा, कुणाला ठाऊक नाही. गाभ्याबरोबर आला होता. त्यानं हात वर केला. बँड बंद पडला, पण क्लॅरिनेटवाला स्वतःच्या नादात पुढं वाजवत राहिला. त्याला कोपरानं थांबवावं लागलं.

"येण्याचं प्रयोजन?" आगाशे म्हणाला.

"आँ?" दत्ताजीराव म्हणाला.

"आपण इथं कशासाठी आला आहात?"

"डोळं हायती का बटणं? मुंडावळ्या दिसत न्हाईत? लगीन हाय!"

"कुणाचं?"

"ह्याचं!" दत्ताजीरावानं प्रमोदला पुढं ढकललं. प्रमोद फेट्याखाली घामाघूम झालेला.

"वधूची संमती?"

"तिचा बाप हाय की आत. सुपारी फुटलीया."

"सुपारीची संमती माझ्याकडं लागत नाही," आगाशे शांतपणे म्हणाला. "वधूची लागते. सक्तीची आहे. वधूनं इथं येऊन, मला ऐकू येईल अशा आवाजात सांगावं."

निरोप मांडवात गेला. केरबा धावत आला. उपरणं एका खांद्यावर, चप्पल एका पायात. सूर्य डोक्यावर आला होता आणि मांडवात भटजी दर थोड्या वेळानं सावलीकडं बघून खाकरत होते.

"सायेब," केरबा हात जोडून म्हणाला, "मुहूर्त टळतोय. पोरीचा बाप म्हणून मी सांगतो ना. हो. हो म्हणतो मी!"

"आपल्याला हा प्रश्न नाही," आगाशे म्हणाला.

केरबाला जन्मात पहिल्यांदा कुणी असं सांगितलं. गावातला प्रत्येक प्रश्न आजवर त्यालाच होता.

"इवाई," दत्ताजीराव दात आवळून म्हणाला, "मी सांगितलं हुतं. माघारी फिरवू का ट्रॅक्टर?"

तेवढ्यात सुगंधा आली. शालू वर खोचलेला, हातात हिरवा चुडा, मागनं हौसाबाई आणि तिच्यामागं अख्खी आळी. फाटकाच्या अलीकडं सुगंधा, पलीकडं प्रमोद. आगाशे खुर्चीवरून उठून उभा राहिला.

"या नवरदेवाला आत घ्यायचं का?"

सगळ्यांना वाटलं ती लाजेल, पदर चावेल, मग हौसाबाई म्हणेल 'हो म्हणतीया ती' आणि फाटक उघडेल. सुगंधानं पदर चावला नाही. ती म्हणाली, "आधी मला ह्यांना काही विचारायचंय. चालतं का?"

आगाशेनं आठवून बघितलं. "चालत नाही असं कुठं म्हटलेलं नाही."

"प्रमोदराव," ती म्हणाली, "लगीन झाल्यावर तुम्ही माझ्याशी बोलाल का? म्हणजे, मी काही म्हटलं तर ऐकून मग बोलाल का?"

प्रमोदनं मान डोलावली.

"आईबाबांना भेटायला येऊ द्याल?"

प्रमोदनं मान डोलावली.

"मान नका डोलवू. मान डोलवून काल आमच्या गावात समुद्र आलाय. तोंडानं बोला."

मागं कुणीतरी फिसकन हसलं. प्रमोदचे कान फेट्याच्या रंगाचे झाले.

"तुमच्या घरी ठरलंय म्हणे, सुनेनं नोकरी सोडायची," सुगंधा म्हणाली. "तुम्हाला पटतं का ते?"

प्रमोदनं बापाकडं बघितलं. दत्ताजीराव जोरजोरानं मान हलवत होता. पोरगा मान बघूनच उत्तर देतो हे त्याला लहानपणापासून माहीत होतं. बँडवाले श्वास धरून उभे. मांडवातून भटजींची खाकर ऐकू आली. दीपगृहाखालचा एक उंट उठून पुन्हा बसला.

"न्हाई," प्रमोद म्हणाला.

"काय न्हाई?" दत्ताजीराव ओरडला.

"पटत न्हाई, आण्णा." त्यानं घाम पुसला. "मला... मला तर ती नोकरीवरनं येताना लई आवडती. बस स्टँडवर मी दोनदा बघितलंय. पिशवी अशी खांद्यावर टाकून येती, आन् कंडक्टरशी भांडत असती."

दत्ताजीरावानं पोराकडं पहिल्यांदा गाडीसकट बघितलं, मग गाडीशिवाय बघितलं, आणि दोन्ही वेळा वजन जास्त भरलं.

सुगंधा आगाशेकडं वळली. "घ्या आत," ती म्हणाली. "मला ऐकू आलं, तुम्हाला आलं का?"

"स्पष्ट," आगाशे म्हणाला आणि त्यानं फाटक उचललं.

मग जी धावाधाव झाली ती विचारू नका. वऱ्हाड धावलं, बँड धावत वाजवू लागला, त्यामुळे मंगलाष्टकांची चाल लग्नाची की शर्यतीची ते कळेना. भटजींनी अंतरपाट धरला तेव्हा सावली पायाच्या अंगठ्यापाशी आली होती. मान्यांच्या आळीतला बर्फ वाऱ्यानं मांडवात आला आणि अक्षतांबरोबर नवराबायकोच्या डोक्यावर पडला; भटजींनी तो शुभ धरला, कारण अशुभ धरायला वेळ नव्हता. अंतरपाट दूर झाला. मुहूर्त गाठला. दोन्ही सरपंचांनी एकाच वेळी तेच भाषण केलं. पंगती वाळूत बसल्या. वडजाईच्या बायकांनी जन्मात पहिल्यांदा समुद्र बघितला, आणि त्यातल्या काही जणी जेवण टाकून पाण्यात जाऊन उभ्या राहिल्या त्या हात धुवायलाही परत येईनात. दत्ताजीराव जिलबी खाता खाता केरबाला म्हणाला, "इवाई, गाव तसं बरं हाय तुमचं. दमट हाय, पर बरं हाय."

केरबा इतक्या दिवसांनी मांडवात निवांत टेकला. वऱ्हाड माघारी गेलं नव्हतं. पोरीचं लग्न लागलं होतं. त्यानं मल्लूला आग्रहानं वाढलं आणि शंभूपुढं सबंध पुरणपोळ्यांची चळत ठेवली.

उन्हं उतरली तशी पाठवणी निघाली. नेहमीसारखीच. बायका रडल्या, आधी खऱ्या रडणाऱ्या, मग रीतीच्या, मग ज्यांना आपापली पाठवणी आठवली त्या. सुगंधाची पेटी ट्रॅक्टरवर चढली. वऱ्हाड वेशीपाशी आलं. फाटक आडवं होतं. आगाशे उठून उभा राहिला.

"आता काय राह्यलं?" दत्ताजीराव म्हणाला. "आत आलो, तसं भाईर जायाचं."

"बाहेर जाण्याबद्दल एक प्रश्न आहे," आगाशे म्हणाला. तो दत्ताजीरावाकडं बघत नव्हता, प्रमोदकडंही नाही. तो केरबाकडं बघत होता. "वधूपिता आपणच ना? हा आपल्याला आहे."

केरबा पुढं झाला. त्याला बरं वाटलं, आपल्यालाही काही विचारतायत म्हणून.

"विचारा की."

"हिला जाऊ द्यायचं का?"

केरबानं तोंड उघडलं. ओढ्याला, बेडकांना, पिंपळाला, पाराला, चुलत्यांना, सगळ्यांना त्यानं आजवर उत्तर दिलं होतं. एक सोपा शब्द होता. बैलालाही येत होता. सुगंधा ट्रॅक्टरच्या मडगार्डला टेकून उभी होती, आणि तिनं पिशवी अशी खांद्यावर टाकली होती.

केरबाचं तोंड उघडंच राहिलं.

"बोला की वं," असं हौसाबाई म्हणेल म्हणून सगळे तिच्याकडं बघायला लागले. जन्मभर नवऱ्याच्या मागं लागलेली बाई, पण ती आता काही बोलली नाही. ती लेकीच्या शालूची निरी सारखी करत बसली. ती निरी सरळच होती.

"इवाई?" दत्ताजीराव म्हणाला.

"जरा इचार करून सांगतो," केरबा म्हणाला.

आगाशेनं आठवून बघितलं. बराच वेळ आठवलं. "विचाराला मुदत नेमलेली नाही," तो म्हणाला, आणि आतून सतरंज्या मागवल्या.

त्याला आता बरेच दिवस झाले. वऱ्हाड वेशीवरच आहे. ट्रॅक्टरच्या सावलीत क्लॅरिनेटवाल्यानं मिरचीची रोपं लावली आहेत. सुगंधा रोज सकाळी फाटकाच्या बाजूच्या छोट्या दारातून पतपेढीत जाते. नोकरीला जायला हरकत नाही, हरकत फक्त पाठवणीला आहे, असं आगाशे सांगतो. प्रमोद तिच्याबरोबर निघतो आणि डेअरीतून संध्याकाळी परत येतो. मग दोघं समुद्रावर जाऊन येतात, हातपाय धुतात, आणि पाठवणीच्या जागी पेटीपाशी येऊन उभी राहतात. जेवायची हाक आली की आत जातात.

संध्याकाळी केरबा किटली घेऊन वेशीवर येतो.

"काय इवाई," दत्ताजीराव विचारतो, "ठरलं का?"

"इचार चाललाय," केरबा म्हणतो आणि चहा ओततो.

"सावकाश," दत्ताजीराव म्हणतो. तो सतरंजीवर सरकून केरबाला जागा करून देतो.